पणजोबांचे कान

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची. बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी माझ्या खांद्यावर डोकं टाकून जी झोप काढली, त्यामुळे हात अजून बधिर आहे. पण आज कशाचीच तक्रार करायची नाही असं ठरवलंय. खोली छान मिळाली आहे. दुकानाच्या वर, जिन्याला लागून. एक पलंग, एक टेबल, आणि खिडकी उघडली की खाली कारखान्याचं अंगण. अंगणात फळ्या वाळत रचून ठेवल्यात, प्रत्येकीच्या टोकाला खडूने साल लिहिलेलं. काही फळ्या वयाने माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, त्यांना अहोजाहो करायला हवं. सगळीकडे वॉर्निशचा आणि सरसाचा वास. सरस म्हणजे कातडी नि हाडं शिजवून काढलेला डिंक. नवख्या माणसाला त्या वासाने मळमळतं. मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीत हयात घालवली, मला त्याने भूक लागते.

पोचल्याचा फोन केला. माझी ठकू माझ्या ताईकडे मजेत आहे. आईची आठवण येते का विचारलं तर म्हणाली, संध्याकाळी येईल बहुतेक. लेक माझ्यावर गेली आहे. मी आणि ती, एवढंच आमचं घर. त्यात ताई तिसरी. इथे बस्तान बसलं की दोघींना घेऊन येणार.

मालकाला वाटतंय की मी नोकरीसाठी आले. वाटू दे. माझे पणजोबा याच कारखान्यात व्हायोलिनं घडवायचे. पंचक्रोशीत ज्यांचा नावलौकिक आहे ती सगळी जुनी व्हायोलिनं त्यांच्या हातची, आणि आत लेबल मात्र मालकाच्या घराण्याचं. पुढे पणजोबा तापाने बहिरे झाले नि एक दिवस कुठेतरी निघून गेले, असं आजोबा सांगायचे. मालकाने आपलं नाव गिळलं, हे त्यांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. त्यापुढे ते काही बोलायचे नाहीत, आणि घरात साधी बासरीसुद्धा येऊ द्यायचे नाहीत. दुःख मोठं असणार.

ताई म्हणते मी डूख धरणारी आहे. आहेच मुळी. दुकानाच्या पाटीवर पणजोबांचं नाव लागल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

७ ऑक्टोबर

काम आवडलं. मालकाबद्दल तसं म्हणता येणार नाही. पन्नाशीचा माणूस, बोलताना अंगठे पट्ट्यात अडकवतो आणि गिऱ्हाईक आलं की आवाज खाली आणतो, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. आज एका वादकाला एक जुनं व्हायोलिन दाखवत होता. आमच्या पणजोबांचा हात, आमच्या पणजोबांचा कान, असं त्याला सांगत होता. मी मागे घोडी तासत होते, ती तारांखाली उभी असते ती लाकडाची पट्टी. रागाच्या भरात इतकी तासली की फेकूनच द्यावी लागली. दुसरी घेतली.

इथली पद्धत मात्र खरी. फळी दोन बोटांत कडेला धरायची, कानाशी आणायची आणि बोटाच्या पेराने टकटक करायची. फळी बोलते. थोडं तासायचं, पुन्हा विचारायचं. मला कुणी शिकवलं नाही, तरी दुसऱ्याच दिवशी कळायला लागलं. मालकाने भुवया वर केल्या. मी मनात म्हटलं, रक्त आहे बाबा, कुठे जाणार.

वरच्या मजल्यावर मालकाच्या आत्या राहतात, सगळे त्यांना आत्याबाई म्हणतात. फार वय झालंय, पण नजर सुईत दोरा ओवेल अशी. माझ्या हातांकडे बराच वेळ बघत होत्या. मग विचारलं, गाव कुठलं, माहेर कुठलं. मी थापा मारल्या. त्यांना पटल्या नाहीत, पण त्यांनी मान हलवली.

१२ ऑक्टोबर

आज सापडलं. म्हणजे बहुतेक.

मागच्या खोलीत खिडकीपाशी एक रिकामं बाकडं आहे. तिथला उजेड सगळ्यात चांगला, तरी तिथे कुणी बसत नाही. त्यावर खिळ्याला एक व्हायोलिन टांगलंय, तारा सैल सोडलेल्या. मालक म्हणाला, कुणा शिकाऊचं फसलेलं काम आहे, आवाजच नाही त्याला, मुकं म्हणतात. मी बॅटरी घेऊन त्याच्या खाचेतून आत डोकावले. लेबल नाही. व्हायोलिन आतून नेहमी कोरं असतं, पांढुरकं लाकूड दिसतं. हे आतून तपकिरी आहे, चकाकतं. पण वळणं बघावीत. कडा बघाव्यात. शिकाऊ म्हणे. असा शिकाऊ जन्मायला पिढ्या लागतात.

आणखी एक गोष्ट. वरची फळी नेहमी पातळ सरसाने चिकटवतात. व्हायोलिन आज ना उद्या दुरुस्तीला उघडावं लागतंच, म्हणून तो जोड मुद्दाम कच्चा ठेवायचा, सुरी घातली की सुटला पाहिजे. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात. या मुक्याची फळी जाडजूड सरसाने बसवलेली आहे, कडेने ओघळ आलेत. पणजोबा असली चूक मेले तरी करणार नाहीत. नंतरच्या कुणा गाढवाने डागडुजी करताना थापलेला दिसतोय.

आत त्यांचं नाव असणार. दुसरं काय असेल? नाव असेल म्हणूनच इतक्या बंदोबस्तात ठेवलंय.

मी त्याला हात लावताना आत्याबाईंनी पाहिलं. नको गं, म्हणाल्या. लहान मुलाला चुलीपासून लांब करताना म्हणतात तसं.

१४ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत मुक्याच्या तारा ताणल्या आणि गज फिरवला. खरंच आवाज नाही. तारा थरथरताना दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही. पण हनुवटी टेकवली होती, तर जबड्यातून काहीतरी आत शिरलं आणि दाढा झिणझिणल्या. गज थांबवला तरी जरा वेळ चालूच होतं. चमत्कारिक वाटलं, वाईट नाही. कुणीतरी ओळख दिली असं वाटलं.

१७ ऑक्टोबर, रविवार

मालक लग्नाला गेला होता, आत्याबाई दुपारच्या झोपेत. मी मुक्याला बाकड्यावर घेतलं.

पातळ सुरी, गरम पाणी आणि धीर. जाड सरस सुटता सुटेना. इंच इंच भिजवत गेले. मधेच लाकूड असं काही कण्हलं की माझ्याच अंगावर काटा आला. शेवटी टक्कन फळी उचलली गेली आणि आतून उबदार वास आला. शंभर वर्षं बंद असलेल्या पेटीतून ऊब कशी येईल? माझे हात गरम होते, त्यामुळे वाटलं असेल.

नाव नाही. आत सगळीकडे सरस फासलाय, बोटभर जाड. आणि मागच्या फळीवर, मधोमध, त्या सरसात दोन ठसे आहेत. कानांचे. पाळी, वळणं, मधला खोल खड्डा, सगळं स्वच्छ उमटलेलं. सरस ओला असताना एका माणसाने आधी एक कान दाबून धरला, मग दुसरा.

मी रडले. हे नावापेक्षा मोठं आहे. हे मोठे, जरा बाहेर निघालेले कान मी ओळखते. ते माझ्या वडिलांचे आहेत, माझे आहेत, आणि वर्गात ज्यावरून पोरं ठकूला चिडवतात तेही हेच.

१८ ऑक्टोबर

सांगून टाकलं. मी कोण, कशाला आले, आणि पाटीवर काय लिहायचं ते. मालक हसला. कान म्हणजे काय सही आहे का बाई, म्हणाला. गिऱ्हाईकापुढे हसला. जाताना वर म्हणाला की नोकरी हवी असेल तर राहा, हात चांगला आहे, तुमच्या त्या पणजोबांसारखा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी मागच्या खोलीत आले, त्या ठशांवर दोन्ही तळवे ठेवले आणि मोठ्याने म्हणाले, ज्यांनी माझ्या माणसाचं नाव जगाला ऐकू दिलं नाही, त्यांना काहीच ऐकू येऊ नये.

तळव्यांना ओल लागली. वरून पाणी गळत असेल. छत मात्र कोरडं आहे.

२१ ऑक्टोबर

मालकाचा डावा कान बसलाय. पोहून आल्यासारखं वाटतंय म्हणे. दिवसभर कानात करंगळी घालून हलवत होता. आज त्याने एका व्हायोलिनची घोडी चुकीच्या जागी बसवली आणि वादकाने तोंडावर सांगितलं. मला फार बरं वाटलं. लिहून ठेवते, कारण खोटं कशाला लिहू.

२४ ऑक्टोबर, रविवार

दोन्ही कान. डॉक्टरने आतून काहीतरी काढलं, तपकिरी, घट्ट, चिकट. मळ म्हणाला. मालकाने ते कागदात गुंडाळून आणलं आणि मला नाकाशी धरायला लावलं. मी म्हटलं, मला सर्दी आहे. सर्दी नव्हती. सरसच होता, ताजा.

आता तो ओरडून बोलतो आणि कुणी उत्तर दिलं की तोंडाकडे बघत राहतो. फळीवर टकटक करतो, कानाशी नेतो, पुन्हा टकटक करतो. मग खाली ठेवून देतो. असंच पणजोबांनी केलं असेल. मी जेवण पोटभर जेवले.

माझे कान मात्र धारदार होत चाललेत. अंगणातल्या फळ्यांत भुंगे पोखरतात तेसुद्धा ऐकू येतंय.

२७ ऑक्टोबर

आत्याबाईंनी वर बोलावलं. त्यांचा एक कान गेलाय, दुसरा अधूनमधून. म्हणाल्या, ऐकू येतंय तोवर सांगते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं मी कोण ते. असे रुंद अंगठे त्यांच्या वडिलांनी त्यांना वर्णन करून सांगितले होते.

त्यांनी जे सांगितलं ते असं. पणजोबांनी कारखाना सोडून स्वतःच्या नावाने काम करायचं ठरवलं. वादक सगळे त्यांच्यामागे जाणार हे तेव्हाच्या म्हाताऱ्या मालकाला, म्हणजे आत्याबाईंच्या आजोबांना, कळून चुकलं. एका दुपारी पणजोबा लाकडाच्या भुश्शावर कुशीवर झोपले होते. म्हाताऱ्या मालकाने स्टोव्हवरचा सरस उचलला. कढत सरस. आत्याबाईंचे वडील त्यांच्या पायांवर बसले. एक कान भरला, तो थिजेपर्यंत धरून ठेवलं, मग कूस बदलून दुसरा. ताप आला हे नंतर ठरवून सांगितलं.

त्यानंतर पणजोबांनी एकच व्हायोलिन केलं. फळीची कड दातांत धरून टकटक करायचे आणि जबड्याने ऐकायचे. ते चिकटवलं, खिळ्याला टांगलं आणि गेले. जाड सरस त्यांनीच लावला. जे आत घातलंय ते कुणी बाहेर काढू नये म्हणून. राग आवरता येईना, म्हणून कोंडून ठेवला, असं आत्याबाईंच्या वडिलांना मरताना वाटत होतं.

मी म्हणाले, मग ठीक झालं. ओतणाऱ्याचा पणतू बहिरा झाला, पाय धरणाऱ्याची लेक होतेय. माझ्या माणसाने हिशेब पुरा केला. मी असं म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर म्हणाले आणि मला लाज वाटली नाही.

आत्याबाईंनी विचारलं, आणि डोकं कुणी धरलं ते नाही विचारत?

पुढचं उद्या लिहीन.

२८ ऑक्टोबर

डोकं आजोबांनी धरलं. माझ्या आजोबांनी. सख्ख्या मुलाने. ऐन विशीतला तरणाबांड माणूस. खिडकीपाशीची बापाची जागा त्याला मिळणार होती.

मिळाली. पण त्याने कुठलीही फळी वाजवली तरी ती मुकीच राहायची. कंटाळून गाव सोडलं, घर मांडलं, आणि नातवंडांना गोष्ट सांगत बसला की मालकाने आपलं नाव गिळलं.

मी विश्वास ठेवणार नव्हते. पण मग घरात बासरीसुद्धा का नको होती?

२९ ऑक्टोबर

ताईचा फोन. सकाळपासून डावा कान बसलाय, सर्दी असेल म्हणाली. मी ठकूला द्यायला सांगितलं. ठकू ठीक आहे. फक्त म्हणाली, मावशीकडे भिंतीत कुणीतरी टकटक करतं. एकदा करतं, थांबतं, पुन्हा करतं. थांबतं तेव्हा ऐकत असतं असं वाटतं.

तिला म्हटलं, कानात कापूस घालून ठेव. काय मूर्ख सल्ला.

३० ऑक्टोबर

मुक्याला बंद केलं. पणजोबांनी लावला होता त्याहून जाड सरस लावला, फळ्या दाबून धरणारे सगळे शिकंजे कसून पिळले. हात जोडले. म्हटलं, ज्यांनी केलं ते मेले. पोरीने काय केलंय?

दुपारी शिकंजे खाली पडलेले. फळी उघडी. ठशांमधला सरस ओला, आणि हलतोय. आत ओढल्यासारखा. ऐकणाऱ्या कानासारखा.

पुन्हा चिकटवलं.

३१ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा उघडलं.

आत्याबाईंना काहीच ऐकू येत नाही. दगडी पाटीवर खडूने लिहून विचारलं, थांबवायचं कसं. त्यांनी पुसलं आणि खाली लिहिलं — तू त्या दिवशी मोठ्याने मागितलंस ते मी वर ऐकलं. नाव ज्यांनी दाबलं त्यांत तुझे आजोबा नव्हते?

मी तुमच्या घराबद्दल बोलले होते. तुमच्या.

२ नोव्हेंबर

ताईचा फोन. ती बोलत होती, मी ओरडत होते, तिला काही ऐकू जात नव्हतं. दोन्ही कान गेले. म्हणाली ठकूचा एक कान दुखतोय, पोरगी रडत नाही, नुसती बसून राहते. तू फोन उचललास की नाही तेही कळत नाही, म्हणाली, पण मी तिला तुझ्याकडे घेऊन येते, गुरुवारी पोचू.

नको म्हटलं. आणू नकोस, इथे आणू नकोस, दहादा — ती आपली बोलतच होती, गरम कपडे आणते, खाऊ आणते —

ठेवला.

३ नोव्हेंबर

मुक्याला जाळायला गेले. पेटत नाही. सरस वितळून जमिनीवर ओघळला आणि दाराकडे — गावाबाहेरच्या रस्त्याकडे —

माझे कान अजून शाबूत आहेत. मालकाचे गेले, आत्याबाईंचे, ताईचे. माझे का नाहीत? मीच उघडलं. मीच तोंडाने मागितलं.

मला शेवटी ठेवलंय.

४ नोव्हेंबर

त्या आल्या. ठकूला जवळ घेतलं. डाव्या कानाशी सरसाचा वास. उजव्याने अजून ऐकू येतंय, जरा जरा. माझ्याकडे बघून हसली नाही.

ठरलं. एकच मार्ग आहे. एक कान शिल्लक आहे तिचा, तो मी जाऊ देणार नाही. पणजोबांना आमच्या घरातलं एक माणूस हवंय ना भुश्शावर आडवं पडलेलं — घ्या. माझे घ्या दोन्ही. आमच्या घराण्याने ज्या हातांनी केलं त्याच हातांनी फेडते. ताईला वर झोपवलंय, ठकूला तिच्यापाशी. कडी बाहेरून लावली आहे.

स्टोव्ह पेटवला. भर दुपार आहे, अंगणात ऊन आहे. सरस उकळतोय. खिडकीपाशीच्या बाकड्याखाली भुसा पसरलाय. आडवं पडूनच लिहितेय, वही तोंडासमोर. पहिला कान वर.

भीती एकच. चटका बसला की मान हलेल. हलली तर सगळं वाया. डोकं धरायला कुणी नाही —

जिन्यावर पावलं. कडी तर मी —

ठकू. ठकू खाली आलीय. म्हटलं, वर जा बाळा, आईजवळ येऊ नको. ती ऐकत नाही. उजवा कान — बाळा, उजव्या कानातून काय ओघळतंय तुझ्या —

नाही. दोन्ही गेले. मग आता मी कशासाठी —

उठता येत नाही. ती माझ्या डोक्याशी बसलीय. तिचे हात माझ्या डोक्याला. एवढीशी पोर आणि एवढी ताकद. मान हलत नाही. सोड, ठकू, आई आहे ना गं मी — रडतेय ती, रडतेय पण सोडत नाही, तिलाही कुणीतरी —

स्टोव्हवरून भांडं उचलल्याचा आवाज आला. कुणी उचललं? तिचे तर दोन्ही हात माझ्या —